काचेच्या आतला बर्फ

पडद्यावरचा आकडा मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. एकशे एकोणचाळीस.

गाडी रात्रभर भिंतीच्या प्लगला लावलेली होती. बॅटरी शंभर टक्के भरली आहे असे शेजारीच लिहिलेले दिसत होते. आणि तरीही गाडी सांगत होती की मी एकशे एकोणचाळीस किलोमीटर जाईन, त्यापुढे नाही. डोळ्याच्या ऑपरेशनच्या आधी मी तिला शेवटची चालवली, तेव्हा अशाच उणे पंचवीसच्या थंडीत ह्याच पडद्यावर एकशे शहाण्णव होते.

शेजारच्या सीटवर चर्चच्या हॉलमध्ये पोचवायचा आलुबुखाराचा केक होता. तो तसाच राहिला आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. 

एका आकड्याने एवढे घाबरण्यासारखे काय, असे कोणालाही वाटेल. पण आमच्या गाडीची एक सवय आहे. पुढे किती जाता येईल हे ती नुसत्या बॅटरीवरून सांगत नाही. गेले काही दिवस तिला कोणी कसे हाकले, ते ती लक्षात ठेवते. कोणी जोरात पळवली, कोणी हीटर लावला, की ती सावध होते आणि पुढच्या वेळी कमी सांगते. बेताने चालवली की तिचा भरवसा वाढतो. घरातल्यांची पावले ओळखावीत तशी ती चालवणाऱ्याचा पाय ओळखते. आणि आमच्या घरात गाडी चालवणारी माणसे दोनच. डॉक्टरने मला महिनाभर स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. म्हणजे हे काम वाल्डीचे होते.

वाल्डीचे! माझ्या नवऱ्याने गाडीत हीटर लावला, ह्यावर गिमली गावात कोणी विश्वास ठेवला नसता.

मग माझे लक्ष समोरच्या काचेकडे गेले आणि मी पुन्हा दचकले. काच आतून स्वच्छ होती.

हीटर नसलेल्या गाडीत हिवाळ्यात काय होते हे मला चांगले ठाऊक आहे. माणसाचा श्वास काचेवर आतून गोठतो. वाल्डी चालवायचा, मी शेजारी बसायची, आणि दोघांच्या श्वासांचा बर्फ काचेवर धरत धरत मधोमध एकमेकांना येऊन मिळायचा. माझ्या मांडीवर प्लॅस्टिकची खरवडणी असायची. मी आधी त्याची बाजू खरवडायची, मग माझी. खाली पडलेला भुसा रुमालाने टिपायची. आमच्या संसारातली बरीचशी बोलणी ह्या खरवडण्याच्या आवाजात झाली आहेत. आणि ती खरवडणी आता मागच्या सीटखाली पडलेली होती. कोणाला तिची गरज उरली नव्हती.

वाल्डी वीज खात्यात लाइनमन होता. वादळात तुटलेल्या तारा जोडत जन्म गेला. विजेची गाडी हे त्याचे वेड आजचे नव्हे. आमचे लग्न नवे होते, तेव्हा पेट्रोल एकदम महागले आणि पंपांवर रांगा लागल्या. तेव्हा ह्याने एका जुन्या छोट्या गाडीचे इंजिन काढून टाकले, तिच्यात शिशाच्या जड बॅटऱ्या भरल्या आणि गोदामातल्या माल उचलायच्या यंत्राची मोटर बसवली. पहिल्या दिवशी मला शेजारी बसवून तो तलावाच्या काठाने निघाला. गाडीला आवाज नव्हता. उघड्या खिडकीतून पाणकोंबड्या ऐकू येत होत्या, हे मला अजून आठवते. एकतीस किलोमीटरवर गाडी निवांतपणे थांबली. परतीचा विचार त्याने केलाच नव्हता. आम्ही चालत घरी आलो. मी पायातले बूट हातात घेतले होते आणि हा वाटभर बोलत होता. "एकतीस, रूना! आणि शेवटच्या चढावर मी जरा कमी दाबलं असतं ना, तर तेहतीस!"

तेव्हापासून तो त्या जास्तीच्या दोन किलोमीटरांच्या मागे होता. पुढे दुकानात विजेच्या गाड्या मिळायला लागल्या, तेव्हा निवृत्तीचे पैसे घालून त्याने ही छोटी गाडी घेतली. लोक मोठी बॅटरी बघायचे. वाल्डी म्हणायचा, मोठी बॅटरी म्हणजे मोठा डबा. खाणारा हावरट असेल तर डबा कितीही मोठा असो, संपणारच. गाडी शंभर किलोमीटरला किती युनिट खाते, एवढेच तो बघायचा. टायरमध्ये हवा कडक. हायवेवर शंभरच्या ऐवजी ऐंशी. पुढचा सिग्नल लांबून बघून आधीच पाय उचलायचा, म्हणजे गाडी स्वतःच्या वेगातून थोडी वीज परत बॅटरीत भरते. आणि हिवाळ्यात हीटर नाही. "हीटर तासाला पाच युनिट खातो," असे तो सांगायचा, शेजारचा कुत्रा कोंबड्या खातो हे सांगावे तसे. सीट गरम करायची तेवढी परवानगी होती, ती फार थोड्या विजेत होते. बाकी लोकरीचे दोन कोट, मांडीवर गोधडी आणि थर्मासमध्ये कॉफी. मी एकटी चालवत असले तरी हीटर लावायची नाही. लावला असता तर त्या आकड्याने चहाडी केली असती.

आता त्याने वाल्डीची चहाडी केली होती.

केक पोचवून मी घरी न जाता शेजारच्या मारुस्याकडे गेले. मारुस्या पियरोगीचे, त्या उकडलेल्या करंज्यांचे, पीठ मळत होती. आम्ही चाळीस वर्षांच्या शेजारणी. तिच्यापाशी काही लपवायचे तर आधी तोंड झाकून जावे लागते.

"काय गं, भूत बघितलंस?"

मी आकडा सांगितला. काच सांगितली.

तिने पिठातून हात काढले. "मी बोलणार नव्हते. पण मागच्या महिन्यात सेल्कर्कला तुझा वाल्डी दिसला मला. हायवेवरचा तो मोठा चार्जर आहे ना, तिथं. गाडीत बसला होता."

"विकतच्या चार्जरवर? वाल्डी?"

"तेच म्हणते मी! घरची वीज सोडून हा माणूस बाहेर घोटभर वीज पीत नाही. मी काचेवर टकटक करणार होते, पण तो डोळे मिटून बसला होता. चेहऱ्यावर असं काहीतरी…" तिला शब्द सापडला नाही. मग तो सापडला आणि तिने आवाज खाली आणला. "रूना, रागावू नकोस. बाई आहे."

"गप गं. एकोणऐंशी वर्षांचा आहे तो."

"म्हणून काय झालं? माझा काका ब्याऐंशीचा होता. आणि मला एक सांग, म्हातारा माणूस एकदम हीटर लावायला लागतो तो कोणासाठी? बायकोसाठी? बायको तर इतकी वर्षं गारठूनच बसली आहे!"

मी हसले. पण ते हसू खरे नव्हते. कारण गेले तीन महिने दर तिसऱ्या बुधवारी वाल्डी गाड्यांच्या क्लबच्या कामासाठी म्हणून विनिपेग शहरात जात होता, आणि कालचा दिवस बुधवार होता.

घरी आले तेव्हा वाल्डी स्वयंपाकघरात फ्रिजसमोर उभा होता. हातात लोकरीचे जाड मोजे घालून तो लोण्याचा डबा काढत होता.

"हे काय?"

"झटका बसतो गं ह्या फ्रिजचा. कोरडी हवा आहे ना." त्याने डबा चटकन टेबलावर ठेवला आणि पाण्याचे भांडे गॅसवर चढवले. हल्ली तो पाणीसुद्धा कोमट करून प्यायचा. पोटात अल्सर आहे, असे त्याने ऑक्टोबरमध्ये सांगितले होते, आणि अल्सरवाल्याने कोमट प्यावे हे मला पटले होते. तो वाळला होता, तेही मी अल्सरच्याच खात्यात टाकले होते.

मी विचारणार एवढ्यात एल्मर आला.

एल्मर म्हणजे आमच्या विजेच्या गाड्यांच्या क्लबचा अध्यक्ष. मासळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला आणि घसा अजून यंत्रांच्या आवाजावर ताणलेला. आमच्या गावात थंडीच्या दिवसांत पाहुणा आला की यजमान आधी बाहेर जातो आणि त्याच्या गाडीची वायर आपल्या प्लगला लावतो. पेट्रोलची असली तरी. इंजिन गरम राहिले नाही तर गाडी परत सुरूच होत नाही. म्हणून प्रत्येक घराला, दुकानाला, चर्चलासुद्धा बाहेर प्लग असतात. वाल्डी म्हणायचा, अख्खा मॅनिटोबा प्रांत साठ वर्षं गाड्या प्लगला लावतोय, फक्त त्या चालवायला पेट्रोल कशाला जाळतो तेवढं कळत नाही. त्या दिवशी एल्मर आला तेव्हा मात्र वाल्डी जागचा हलला नाही. एल्मरनेच आपली वायर लावली आणि आत आला.

"म्हातारा झालास रे. पाहुण्याची वायर लावायला उठत नाहीस." त्याने साखरेचा खडा दातांत धरला आणि त्यावरून कॉफीचा घोट घेतला. "बरं, रविवारचं काय? जानेवारीची फेरी. यादीत तुझं नाव नाही."

"या वर्षी नको म्हणतो. टायर बरोबर नाहीत."

मी वळून बघितले. जानेवारीची फेरी नको? गिमलीच्या धक्क्यावरून निघायचे, विनिपेगला विधानसभेला वळसा घालायचा आणि एका चार्जवर परत यायचे. ज्याची गाडी शंभर किलोमीटरला सर्वांत कमी युनिट खाईल तो पहिला. बॅटरीचा आकार इथे चालत नाही. त्यामुळे नव्या मोठ्या गाड्यांना मागे टाकून वाल्डी बहुतेक वर्षी पहिला यायचा. आमच्या लग्नाचा वाढदिवस तो विसरला आहे. फेरी कधी विसरला नाही.

"टायर?" एल्मर हसला. "टायरांना काय धाड भरली? सरळ सांग ना, माझ्या नव्या गाडीला घाबरलास. ती बाहेरच्या थंड हवेतूनसुद्धा ऊब ओढून घेते. मी शर्टावर बसून येणार आणि तरी तुझ्यापुढे जाणार."

 कप वाल्डीने दोन्ही तळव्यांत धरला होता.

"लिही नाव," तो म्हणाला.

"दोघांची लिही," मी म्हणाले. "मीही येते. खरवडायला."

वाल्डीने माझ्याकडे बघितले. ती नजर मी आधी कधी पाहिली नव्हती. पकडला गेलेला माणूस असाच बघत असेल, असे मला वाटले. आणि मारुस्याचे म्हणणे मला खरे वाटू लागले.

रविवारी सकाळी धक्क्यावर गाड्या जमल्या तेव्हा तलाव पांढरा सपाट पडला होता आणि वारा उत्तरेचा होता. गाडी प्लगला असतानाच आतून तापवून घ्यायची, ही ह्या लोकांची जुनी युक्ती. ती ऊब भिंतीच्या विजेवर होते, बॅटरीला तोशीस नाही. त्यामुळे निघालो तेव्हा गाडीत उबदार होते. वाल्डीने तीन मोजे एकावर एक चढवले होते आणि नाकातोंडावरून मफलर गुंडाळला होता. माझ्या मांडीवर खरवडणी होती.

निघताना त्याने हीटर बंद केला. मी बंद करू दिला. मला बघायचे होते.

पहिला पाव तास तो झकास चालवत होता. ट्रकच्या मागे बेताचे अंतर ठेवून वारा चुकवणे, उतारावर पाय उचलणे, सगळे नेहमीसारखे. "बघ, सतरा युनिट. अशी राहिली तर एल्मरला शर्टसुद्धा काढावा लागेल." मला वाटले, माझेच काहीतरी चुकले असेल.

विनिपेग बीच मागे पडले आणि गाडीतली ऊब संपली. काचेच्या खालच्या कडेला पहिला बर्फ धरला. मी खरवडायला पुढे वाकले आणि मला त्याचा श्वास ऐकू आला. तो श्वास घेत नव्हता, श्वास चोरत होता. मफलरच्या आत घोगरा आवाज होत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि गालावर थिजत होते.

"वाल्डी?"

त्याने मान हलवली. स्टिअरिंगवरून एक हात उचलला, झटकला, पुन्हा ठेवला, दुसरा उचलला. तव्यावर हात ठेवल्यासारखा तो हात बदलत होता. मग गाडी हळूहळू कडेला गेली आणि एका शेताच्या वाटेवर थांबली. त्याने गळ्याला हात लावला. तोंड उघडले, पण आवाज येईना. घसा आवळला गेला होता. त्याचे डोळे मोठे झाले होते आणि मला काहीच कळत नव्हते. मी त्याच्या पाठीवर थापट्या मारत होते, मूल ठसकल्यावर मारतात तशा.

त्याने बोट दाखवले. पडद्याखालच्या एका बटणाकडे.

इतक्या वर्षांत मी ते बटण कधी दाबले नव्हते. कुठल्या बाजूला दाबायचे तेही मला ठाऊक नव्हते. मी सगळेच दाबले. गाडीत वाऱ्याचा मोठा आवाज झाला, आधी गार, मग कोमट, मग गरम. पडद्यावरचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत खाली आला. वाल्डी झरोक्यापाशी तोंड नेऊन, मफलर बाजूला सारून, ती हवा पीत होता.

बऱ्याच वेळाने त्याला बोलता आले.

"हीटरची हवा घशाला लागली की सुटतं. मरत नाही त्यानं कोणी. डॉक्टर म्हणालेत."

"कोण डॉक्टर?"

 वाऱ्याबरोबर बर्फाची धूळ रस्त्यावरून सापासारखी सरकत होती.

"औषध देतात विनिपेगला. सलाइनमधून. दर तीन आठवड्यांनी. त्या औषधानं थंडी सोसत नाही. थंड काही धरलं की बोटांत सुया घुसतात. थंड हवा घशात गेली की हे असं होतं. चार्जरचं हँडल धरवत नाही मला, रूना. फ्रिज उघडवत नाही."

"कसलं औषध?"

"आतड्याचा कॅन्सर आहे. लिव्हरमध्ये गेलाय. कापून काढता येणार नाही म्हणाले."

माझ्या हातात खरवडणी होती. मी ती कोटाच्या खिशात घातली, मग काढली, मग पुन्हा घातली. सात-आठ मोटारी आमच्या शेजारून गेल्या. सगळ्या आमच्याच क्लबच्या. एकाने हॉर्न वाजवला. मला वाटले, एका बाईच्या भीतीने मी तीन रात्री जागून काढल्या. ती बाई असती तर किती बरे झाले असते.

"ऑक्टोबरपासून?"

"ऑक्टोबरपासून."

"आणि एकटा जात होतास? आणि एकटा परत?"

"नर्स विचारते दर वेळी, घरी न्यायला कोण आलंय. मी सांगतो, बायको खाली गाडीत बसली आहे." त्याने नाक पुसले. "मग ती म्हणते, त्यांना सांगा, गाडी गरम करून ठेवा."

मला रडू येत नव्हते. राग येत होता, आणि राग करायला समोर कोणी नव्हते, हा माझा नवराच होता.

"मला का नाही सांगितलंस?"

 लहान मुलाने कबुली द्यावी तसा तो म्हणाला, "तू म्हणाली असतीस, हीटर लाव."

"हो, म्हणाले असते!"

"आणि मी लावला असता."

आम्ही एकमेकांकडे बघितले. आणि काय झाले कोण जाणे, आधी त्याला हसू आले, मग मला. त्या गरम गाडीत, शेताच्या वाटेवर, आम्ही डोळे पुसत हसत होतो. हसता हसता तो माझ्या खांद्यावर डोके टेकून थांबला आणि थरथरत राहिला. मग मलाही रडू आले.

मी म्हणाले, "चल, घरी जाऊ."

"नाही. फेरी पूर्ण करू."

"वाल्डी, आकडा बघ. एका चार्जवर परत येणं शक्य नाही."

"माहितेय मला. तरीही. एवढी वर्षं अर्ध्या वाटेवरून कधी फिरलो नाही." मग थोडे थांबून, "तू चालव. हीटर असू दे."

मी उतरून पलीकडे गेले. डॉक्टरने हायवेवर चालवायला अजून मनाई केली होती, पण ते त्या वेळी कोणाला आठवत होते? तो शेजारच्या सीटवर सरकला आणि माझी गोधडी त्याच्या मांडीवर आली. इतक्या वर्षांत आमच्या जागा पहिल्यांदाच बदलल्या होत्या. तरी त्याची जीभ काही बदलली नाही. "सिग्नल लाल आहे लांब, पाय उचल आता… आता गं! अशी काय ब्रेक मारतेस, बॅटरीत परत जाणारी वीज रस्त्यावर सांडलीस." विधानसभेला वळसा घातला. परत येताना सेल्कर्कच्या त्या चार्जरवर थांबलो. मी उतरले. वायर थंडीने काठीसारखी ताठ झाली होती. हँडलवर एक जुना लोकरी पायमोजा कोणीतरी घट्ट शिवून बसवला होता. टाके लाइनमनचे होते, तार बांधावी तसे.

धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात सगळे आमची वाट बघत होते. फळ्यावर नावे आणि युनिट लिहून झाली होती. सर्वांत वर एल्मर होता.

"या! या! चॅम्पियन पायी आले की काय? कुठं होता, मासे धरत?"

सगळे हसले. वाल्डीने कोट काढला नाही. दारातच उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "शंभरला अठ्ठावीस युनिट. वाटेत एकदा चार्ज केली. हीटर पूर्ण वेळ चालू."

पुन्हा हशा झाला. वाल्डीने विनोद केला असेच सगळ्यांना वाटले. मग कोणीतरी त्याच्या हातातले मोजे बघितले. दुकानातल्या उबेतसुद्धा त्याने ते काढले नव्हते. मग सगळ्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितले. हसू एकेका टेबलावर विझत गेले.

एल्मरच्या हातात खडू होता. त्याचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "मी… लिहू का, वाल्डी? नाही लिहिलं तरी चालेल."

"लिही. झालं ते लिही."

एल्मरने सर्वांत खाली लिहिले. वाल्डी फिओर्डाल, अठ्ठावीस. खडू ठेवला आणि कोट न घालता, शर्टावरच, बाहेर त्या वाऱ्यात गेला. खिडकीतून मला दिसले. तो आमच्या गाडीची वायर सोडवत होता आणि गुडघे टेकून भिंतीच्या प्लगला लावत होता.

मे महिन्यात तलावावरचा बर्फ फुटला. संध्याकाळी मी वाल्डीला गाडीतून धक्क्यापर्यंत नेऊ लागले. त्याला गचके सोसत नव्हते. म्हणून मी फार हळू, अंड्यांची टोपली नेल्यासारखी चालवायची. खिडक्या उघड्या असायच्या. एका संध्याकाळी त्याने पडद्याकडे बोट केले. दोनशे एकसष्ट. इतका आकडा ह्या गाडीने कधी दाखवला नव्हता, त्याच्या हातूनसुद्धा नाही.

"कसं केलंस?" त्याने विचारले.

"काही केलं नाही. तू शेजारी होतास."

"नुसतं बसून?" तो खूश झाला. "मग आधीपासून तूच चालवायला हवी होतीस."

ऑगस्टमध्ये, गावात उत्सवाची गर्दी असताना, वाल्डी गेला.

जानेवारीत एल्मर आला. मी बाहेर जाऊन त्याची वायर लावली. आत आल्यावर तो बराच वेळ साखरेचा खडा बोटांत फिरवत बसला.

"फेरी आहे रविवारी. तुला सांगायला आलो, एवढंच. कोणी काही म्हणणार नाही."

"नाव लिही," मी म्हणाले.

मारुस्या दारात आडवी आली. "वेडी झालीस? पंच्याहत्तरीला आलीस. निदान हीटर तरी लावशील ना?" मी तिच्याकडून पियरोगीचा गरम डबा घेतला आणि निघाले.

हीटर मी लावला नाही. दोन कोट होते, गोधडी होती, थर्मास होता. उणे सत्तावीस होते आणि हवा स्वच्छ होती. ट्रकच्या मागे बेताचे अंतर ठेवले. लाल सिग्नल लांबून बघितला आणि पाय उचलला. विनिपेग बीच मागे पडले, गाडीतली ऊब संपली आणि काचेवर बर्फ धरायला लागला. मी खरवडणी घेतली. एका हाताने स्टिअरिंग धरून माझ्यासमोरची काच खरवडली, मग नेहमीच्या सवयीने हात दुसऱ्या बाजूला नेला.

आणि हात तसाच थांबला. त्या बाजूची काच स्वच्छ होती. अगदी कडेपर्यंत स्वच्छ. तिच्यातून तलाव दिसत होता, रस्ता दिसत होता, आणि खरवडायला तिथे काहीही नव्हते.